‘मला काही झालेलं नाही’ : पक्षाघात आणि साक्ष

आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, वैद्यक नाही. तरी आज पक्षाघातावर बोलतो आहोत, त्याला कारण आहे. ‘माझ्या शरीराचं मलाच सगळ्यांत आधी कळतं’ असं आपण धरून चालतो. पक्षाघात नेमकं हेच गृहीतक मोडतो.

1914 साली फ्रेंच मज्जाविकारतज्ज्ञ जोसेफ बाबिन्स्की यांनी काही रुग्णांचं वर्णन केलं. त्यांचं डावं अंग लुळं पडलं होतं, आणि त्यांना त्याचा पत्ताच नव्हता. या अवस्थेला त्यांनी ‘ॲनोसोग्नोझिया’ म्हटलं. हे खोटं बोलणं नव्हे बरं का! जो मेंदू बातमी देणार, त्यालाच इजा झालेली असते. डाव्या बाजूच्या इजेत बहुधा उलट होतं : कळत असतं, पण सांगायला शब्द सापडत नाहीत.

मग साक्ष कोणाची? शेजारी बसलेल्याची. म्हणजे तुमची-आमची. हसायला सांगा, तोंड एका बाजूला ओढलं जातं का? दोन्ही हात समोर धरायला सांगा, एक खाली घसरतो का? साधं वाक्य म्हणायला सांगा, जीभ अडखळते का? यातलं एक जरी अचानक दिसलं, तरी लगेच 108. अचानक तोल जाणं, दिसेनासं होणं हीही लक्षणं. लक्षणं दहा मिनिटांत गेली, तरी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. तो पुढच्या झटक्याचा इशारा असू शकतो.

आता निदान. बहुतेक पक्षाघात रक्ताच्या गुठळीनं होतात, काही रक्तस्रावानं. बाहेरून दोन्ही सारखेच दिसतात, उपचार मात्र परस्परविरोधी. गुठळी विरघळवणारं औषध रक्तस्रावात जीव घेऊ शकतं. म्हणून आधी सीटी स्कॅन. गंमत अशी, की सुरुवातीला गुठळीच्या रुग्णाचा स्कॅन पुष्कळदा स्वच्छ दिसतो. डॉक्टर पाहतात ते ‘रक्त नाही’ हे. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धीला, म्हणजे ‘न दिसण्या’ला, प्रमाण मानलं; इथे त्यावर प्राण अवलंबून असतात. साखरही तपासतात, कारण ती फार उतरली तर हुबेहूब पक्षाघातासारखं दिसतं.

गुठळीचं औषध साधारणपणे साडेचार तासांच्या आत द्यायचं. मोठी वाहिनी तुंबली असेल, तर नळी घालून गुठळी काढता येते. निवडक रुग्णांत 24 तासांपर्यंत. पण घड्याळ कधी सुरू होतं? आपल्या लक्षात आलं तेव्हा नाही, तर माणूस शेवटचा धडधाकट दिसला तेव्हा. रात्री दहाला झोपलेला सहाला उठून अडखळला, तर दहापासून मोजायचं. ही वेळ डॉक्टरांना सांगणं हे घरच्यांचं काम. उशीर झालासा वाटला तरी जायचंच. आणि तोवर पाणी, चहा, ॲस्पिरिन, काहीही तोंडात घालायचं नाही.

कारण सांगतो म्हटलं होतं. आमच्या घरातल्या एका वडीलधाऱ्यांच्या हातून सकाळी चहाचा कप निसटला. ‘काही नाही रे, झोप नीट झाली नाही,’ ते म्हणाले. आम्ही त्यांच्या शब्दावर विश्वास ठेवला. दुपारपर्यंत. पुढची सहा वर्षं त्यांचा डावा हात मांडीवर तसाच पडून राहिला.

माणसाच्या शब्दाचा मान राखावा, हे आम्हीच वर्गात शिकवत आलो. त्या सकाळी मान राखायला हवा होता, तो निसटलेल्या कपाचा.