माऊस डबल क्लिक करतोय, रिमोट चालत नाही, चार्जिंग होत नाही? नवीन घेण्याआधी हे करून बघा

क्लिक एकदाच केलं, तरी फाईल उघडली. फोल्डर ओढून दुसरीकडे न्यायला गेलं, तर ते मध्येच सुटलं आणि भलतीकडेच जाऊन पडलं. पॉइंटर कधी जागच्या जागी थरथरतो, कधी हलायलाच तयार नसतो. मग माऊस दोनदा टेबलावर आपटला जातो. थोडा वेळ बरा चालतो, पुन्हा तेच. शेवटी वैतागून ऑनलाइन नवीन मागवला जातो.

पण बऱ्याचदा नवीन माऊस आल्यावरही पॉइंटर तसाच अडखळतो. कारण बिघाड माऊसमध्ये नसतोच. तो टेबलाच्या काचेत असतो, बॅटरीत असतो किंवा शेजारी लावलेल्या हार्ड डिस्कमध्ये असतो.

टीव्हीचा रिमोट, मोबाईलचा चार्जर, घरचं वायफाय, सगळ्यांची हीच गोष्ट. खर्च करण्याआधी बिघाड नेमका कुठे आहे हे शोधता आलं, तर पैसेही वाचतात आणि डोक्याचा तापही. आणि हे शोधायला इंजिनीअर असावं लागत नाही.

वायरमनची जुनी पद्धत

जुन्या ट्यूबलाइट आठवतात? ट्यूब लागत नसली की वायरमन लगेच पट्टी काढायचा नाही. आधी स्टार्टर बदलायचा. नाही लागली तर ट्यूब बदलायचा. तरी नाही लागली तर मग चोक बघायचा. एका वेळी एकच वस्तू बदलायची, म्हणजे दोष कुणाचा ते आपोआप कळतं.

माऊसलाही हेच लागू होतं. माऊस काढून घरातल्या दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा. तिथेही तोच त्रास असेल, तर दोष माऊसचा. तिथे व्यवस्थित चालला, तर दोष तुमच्या कॉम्प्युटरचा किंवा पोर्टचा. दुसरा कॉम्प्युटर नसेल, तर निदान पोर्ट बदलून बघा. वायरवाला माऊस यूएसबी हबला लावला असेल, तर हब काढून थेट लावा.

इथे लोकांची एक गल्लत होते. घाईघाईत पोर्टही बदलतात, बॅटरीही बदलतात आणि कॉम्प्युटरही रीस्टार्ट करतात. माऊस सुरू होतो, पण कशामुळे सुरू झाला ते कळत नाही. आठवड्याने पुन्हा बंद पडला की पहिल्यापासून सुरुवात.

पॉइंटर थरथरतोय? आधी टेबल बघा

पहिला माऊस लाकडाचा होता. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट आणि बिल इंग्लिश यांनी १९६४ च्या सुमारास तो बनवला आणि ९ डिसेंबर १९६८ ला सॅन फ्रान्सिस्कोमध्ये लोकांसमोर वापरून दाखवला. त्याच्या खाली दोन चाकं होती. पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली. सायबर कॅफेच्या काळात ती गोळी काढून आतला मळ नखाने खरवडण्याचं काम अनेकांनी केलेलं असेल.

१९९९ मध्ये मायक्रोसॉफ्टने सर्वसामान्य ग्राहकांसाठी ऑप्टिकल माऊस आणला आणि हळूहळू गोळी गेली. या माऊसच्या पोटात एक छोटा दिवा आणि एक छोटा कॅमेरा असतो. हा कॅमेरा खालच्या पृष्ठभागाचे सेकंदाला हजारापेक्षा जास्त फोटो काढतो. एका फोटोतला बारीक खडबडीतपणा पुढच्या फोटोत किती सरकला, त्यावरून माऊस किती हलला हे ठरतं.

आता अडचण कुठे येते ते बघा. टेबलावर काच असेल, तर कॅमेऱ्याला टिपण्यासारखं काही सापडतच नाही. चकचकीत सनमायकावरही तो गोंधळतो. त्यामुळे पॉइंटर उड्या मारत असेल, तर माऊसखाली वर्तमानपत्राचा किंवा वहीचा कागद ठेवा. फरक पडला, तर माऊस ठणठणीत आहे. तुम्हाला फक्त पॅड हवा आहे.

तरीही थरथर थांबली नाही, तर माऊस उलटा करून सेन्सरच्या भोकात बघा. तिथे एखादा केस किंवा धुळीचा तंतू अडकलेला असतो. कोरड्या इअरबडने हलकेच पुसून घ्या. तोंडाने फुंकर मारू नका, वाफ आणि थुंकी आत जाते.

वायरलेस माऊस अडखळतोय?

पहिला संशय बॅटरीवर. दुसरा रिसीव्हर जिथे लावलाय त्या जागेवर.

बहुतेक वायरलेस माऊस २.४ गिगाहर्ट्झ लहरींवर चालतात. इंटेल कंपनीनेच २०१२ मध्ये एक तांत्रिक टिपण काढून सांगितलं होतं की, यूएसबी ३.० च्या केबल आणि उपकरणांमधून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो आणि जवळच्या वायरलेस वस्तूंना त्याचा त्रास होऊ शकतो. म्हणजे रिसीव्हरच्या अगदी बाजूला पोर्टेबल हार्ड डिस्क लावली असेल, तर फाईल कॉपी होताना माऊस अडखळणं स्वाभाविक आहे.

उपाय फुकटचा आहे. रिसीव्हर लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूला लावा. डेस्कटॉप असेल आणि रिसीव्हर मागे लावला असेल, तर पुढच्या पोर्टला आणा. तेही जमत नसेल, तर छोट्या यूएसबी एक्स्टेंशन वायरने तो माऊसजवळ आणा.

एका क्लिकचे दोन का होतात?

हा मात्र बऱ्याचदा माऊसचाच आजार असतो.

प्रत्येक बटणाखाली एक इवलंसं स्विच असतं. त्यात धातूची पातळ पट्टी असते. बटण दाबलं की पट्टी खाली टेकते आणि सर्किट पूर्ण होतं. पण ती एका फटक्यात टेकत नाही. जमिनीवर पडलेल्या चेंडूसारखी क्षणभर उसळते. माऊसमधल्या चिपला हे माहीत असतं, म्हणून पहिल्या स्पर्शानंतर काही मिलिसेकंद ती बाकीच्या उसळ्यांकडे दुर्लक्ष करते.

लाखो क्लिकनंतर पट्टीचा ताण कमी होतो आणि टोकावर गंज चढतो. दमट हवेत हे आणखी लवकर होऊ शकतं. मग उसळी जास्त वेळ चालते आणि चिपला ती दुसरी क्लिक वाटते. फाईल ओढताना मध्येच सुटते तीही याच कारणाने. पट्टीचा संपर्क क्षणभर तुटतो आणि तुम्ही बोट उचललं असं कॉम्प्युटरला वाटतं. अशी सुटलेली फाईल ‘हरवली’ म्हणून शोधत बसू नका. लगेच कंट्रोल आणि झेड एकत्र दाबा, बहुतेक वेळा ती मूळ जागी परत येते.

माऊस उघडण्याआधी दोन गोष्टी तपासा.

पहिली, विंडोजमध्ये एका क्लिकवर फाईल उघडण्याचा पर्याय असतो. घरात कुणी चुकून तो चालू केला असेल, तर माऊसचा काहीच दोष नाही. फोल्डर ऑप्शन्समध्ये जाऊन डबल क्लिकचा पर्याय निवडा.

दुसरी, माऊसच्या सेटिंगमध्ये जाऊन मुख्य बटण डावीकडून उजवीकडे करा आणि दहा मिनिटं उजव्या बटणाने काम करा. त्रास गायब झाला, तर डाव्या बटणाचं स्विच झिजलंय हे नक्की. उजव्या बटणालाही तोच त्रास झाला, तर संशय सॉफ्टवेअरवर किंवा सेटिंगवर घ्या.

स्विच झिजलं असेल तर आधी बिल शोधा. अनेक कंपन्या माऊसवर एक वर्ष किंवा त्याहून जास्त वॉरंटी देतात आणि लोक ती वापरतच नाहीत. वॉरंटीत असताना स्क्रू उघडलात, तर मात्र हक्क जाऊ शकतो. वॉरंटी संपली असेल आणि माऊस महागातला असेल, तर सोल्डरिंग करणारा मेकॅनिक नवीन स्विच बसवून देऊ शकतो. अगदी स्वस्तातला माऊस असेल, तर नवीन घेणंच परवडतं.

रिमोट जिवंत आहे का? मोबाईलला विचारा

साध्या रिमोटच्या टोकाला इन्फ्रारेड दिवा असतो. त्याचा प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण मोबाईलच्या कॅमेऱ्याला दिसू शकतो. सेल्फी कॅमेरा सुरू करा, रिमोट त्याच्याकडे धरा आणि कुठलंही बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यात हा प्रकाश गाळणारी काच असू शकते, म्हणून सेल्फी कॅमेरा वापरायचा.

स्क्रीनवर जांभळट-पांढरा ठिपका लुकलुकला, तर रिमोट चालू आहे. मग टीव्हीच्या सेन्सरसमोर काही आलंय का ते बघा. शोभेची वस्तू, सेट टॉप बॉक्स, किंवा न काढलेलं स्टिकर.

ठिपका दिसला नाही, तर सेल बदला. नवा आणि जुना सेल एकत्र घालू नका. सेलच्या जागी पांढरी भुकटी दिसली, तर अल्कलाइन सेल गळलेला आहे. ती भुकटी हाताला लावून घेऊ नका. इअरबडला व्हिनेगर किंवा लिंबाचा रस लावून पट्ट्या पुसा, पूर्ण वाळू द्या, मगच नवे सेल घाला.

एक लक्षात ठेवा, स्मार्ट टीव्हीचे बरेच रिमोट ब्लूटूथवर चालतात. त्यांच्या बाबतीत ठिपका दिसला नाही म्हणजे रिमोट मेला असं नाही.

चार्जिंग होत नाही, टच वेडा झालाय

केबल हलवली की चार्जिंग सुरू, सोडली की बंद. इथेही वायरमनची पद्धत वापरा. आधी केबल बदला, मग अडॅप्टर, मग बोर्डावरचा प्लग. तिन्ही बदलूनही तेच, तर मोबाईलच्या पोर्टमध्ये टॉर्च मारून बघा. खिशातल्या कापडाचे तंतू आत दाबून दाबून बसलेले असतात आणि त्यामुळे पिन पूर्ण आत जात नाही. मोबाईल बंद करून लाकडी टूथपिकने ते हळूच काढा. सेफ्टी पिन किंवा सुई अजिबात नको.

चार्जिंगला लावल्यावरच स्क्रीन आपोआप टच घेते? मग चार्जर काढून बघा. हलक्या दर्जाच्या चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट टचस्क्रीनला बोटासारखा भासतो. चार्जर काढल्यावर त्रास थांबला, तर डिस्प्ले बदलायला हजारो रुपये देण्याची गरज नाही.

वायफायचंही तसंच. राउटरच्या शेजारी उभं राहून स्पीड बघा. तिथे चांगला आणि बेडरूममध्ये वाईट, तर प्रश्न भिंतींचा आणि अंतराचा. तिथेही वाईट, तर कनेक्शन पुरवणाऱ्याला फोन करा. फक्त मायक्रोवेव्ह चालू असतानाच नेट रखडत असेल, तर राउटर ५ गिगाहर्ट्झच्या नावावर जोडा. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो.

इथे मात्र हात लावू नका

लॅपटॉपचं टचपॅड अचानक कडक झालं, क्लिक होईना, किंवा वर उचललं गेल्यासारखं दिसतंय? हा माऊससारखा किरकोळ बिघाड समजू नका. खालची बॅटरी फुगलेली असू शकते. लॅपटॉप बंद करा, चार्जिंग काढा, बॅटरी दाबू किंवा टोचू नका आणि थेट सर्व्हिस सेंटर गाठा. फुगलेली लिथियम बॅटरी पेट घेऊ शकते.

मायक्रोवेव्ह ओव्हन घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीवघेणा दाब शिल्लक राहू शकतो. फ्रीज किंवा वॉशिंग मशीनला हात लावल्यावर झिणझिण्या येत असतील, तर आधी इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. जळका वास आला, तर मेन स्विच बंद, बाकी सगळं नंतर.

कस्टमर केअरचा नंबर शोधताना

सगळ्यात मोठं नुकसान बहुतेकदा इथेच होतं. माऊस तीनशेचा आणि खात्यातून गेले तीस हजार, असा प्रकार. लोक घाईत सर्चवर कस्टमर केअरचा नंबर शोधतात आणि वर दिसणारा पहिला नंबर फिरवतात. तो भामट्यांचा असू शकतो. समोरचा माणूस स्क्रीन शेअर करणारं अ‍ॅप टाकायला सांगतो किंवा ‘रजिस्ट्रेशनचे दहा रुपये’ मागतो. नंबर घ्यायचा तर बिलावरून, खोक्यावरून किंवा कंपनीच्या अधिकृत साइटवरूनच. फसवणूक झालीच, तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे परत मिळणं कठीण.

कंपनी वॉरंटी नाकारत असेल, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे १९१५. केंद्र सरकारने २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टलही सुरू केलं आहे. त्यात सहभागी झालेल्या कंपन्यांची दुरुस्ती, सुटे भाग आणि वॉरंटी यांची माहिती तिथे मिळते.

आणि सगळे उपाय करूनही वस्तू गेलीच, तर ती ओल्या-सुक्या कचऱ्यात टाकू नका. १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनुसार अशा वस्तूंच्या रिसायकलिंगची जबाबदारी उत्पादक कंपन्यांवर आहे. तुमच्या पालिकेचं किंवा कंपनीचं ई-कचरा संकलन केंद्र कुठे आहे ते विचारा आणि तिथे द्या.

नवीन वस्तू घेतली, की त्याच दिवशी बिलाचा फोटो काढून स्वतःलाच ईमेल करून ठेवा. छापील बिलाची शाई वर्षभरात उडून जाते आणि वॉरंटी मागायची वेळ नेमकी तेव्हाच येते.