संगणकाची स्टेपनी

संगणक चालू केला, तर नुसती पिप-पिप, पडदा काळाच. दुकानदार रॅमची पट्टी काढतो, तिची सोनेरी कडा खोडरबराने घासतो, खटकन परत बसवतो आणि संगणक सुरू! शिरड शहापूर असो की पुणे, उपाय हाच. पिप-पिप करून बिघाड संगणकानेच सांगितला. दुरुस्ती मात्र माणसाने केली. स्वतःच स्वतःला सावरणारी यंत्रंही असतात. त्यांच्याविषयीचे हे चार गैरसमज.

गैरसमज : जखम भरावी तशी चिप भरून येते.
वस्तुस्थिती : बिघडलेला भाग बिघडलेलाच राहतो. एसएसडीत, म्हणजे चिपवर माहिती साठवणाऱ्या डिस्कमध्ये, काही कप्पे मुद्दाम राखीव ठेवलेले असतात. एखादा कप्पा खराब निघाला की कंट्रोलर त्यावर फुली मारतो आणि त्याचा पत्ता राखीव कप्प्याला देतो. ही गाडीची स्टेपनीच. स्टेपन्या संपल्या की गाडी थांबली.

गैरसमज : चूक सुधारायची तर सगळ्या माहितीची दुसरी प्रत हवी.
वस्तुस्थिती : अमेरिकेतल्या बेल लॅब्जमध्ये रिचर्ड हॅमिंग शनिवार-रविवारसाठी यंत्राला काम लावून जात. चूक सापडली की यंत्र ते काम सोडून पुढचं घेई. सोमवारी हाती भोपळा. चूक कळते, तर तिची जागा का कळू नये? या वैतागातून निघालेली युक्ती त्यांनी १९५० मध्ये प्रसिद्ध केली. याच युक्तीवर चालणाऱ्या सर्व्हरच्या ईसीसी (चूक सुधारणाऱ्या) मेमरीच्या एका रूढ पद्धतीत ६४ बिटांमागे ८ तपासणी बिट असतात. एक बिट उलटला तर जागीच सुधारतो. दोन उलटले तर फक्त कळतं.

गैरसमज : जोडीला दुसरं यंत्र असलं की निर्धास्त.
वस्तुस्थिती : ४ जून १९९६ ला युरोपचं एरियान ५ रॉकेट उड्डाणानंतर सुमारे ४० सेकंदांत फुटलं. दिशा सांगणारी यंत्रं दोन होती, पण दोन्हींत सॉफ्टवेअर एकच. एकाच चुकीने दोन्ही बंद पडली.

गैरसमज : यंत्र स्वयंचलित झालं की माणूस नको.
वस्तुस्थिती : आपल्याच औंढा नागनाथ तालुक्यात गुरुत्वीय लहरी टिपणारी, ४ किलोमीटरच्या दोन भुजांची लायगो-इंडिया वेधशाळा होत आहे. अमेरिकेतल्या अशाच वेधशाळांत भूकंपाच्या धक्क्याने आरशांची जुळणी सुटते; ती पुन्हा बसवायला स्वयंचलित यंत्रणा आहे. तरी देखरेखीला ऑपरेटर लागतो, आणि निकामी भाग बदलायला तंत्रज्ञच लागतो.

एसएसडी दगा देण्याआधी सांगेलच, असं नाही. सातबारा, लग्नाचे फोटो, हळदीच्या पट्ट्यांचे हिशेब आजच दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा. ती स्टेपनी यंत्र ठेवत नाही. तुम्हालाच ठेवावी लागते.