गोळी पुस्तकातून आरपार

जिम कॉर्बेटच्या कुमाऊंमधल्या नरभक्षक वाघांच्या पुस्तकाचा बंगाली अनुवाद कलकत्त्याच्या सिग्नेट प्रेसने काढला. मुखपृष्ठावर जबडा वासलेला वाघ येणार, असं कुणालाही वाटलं असतं. सत्यजित राय यांनी वाघ काढलाच नाही. पुढून मागपर्यंत त्यांनी नुसतं पट्ट्यापट्ट्यांचं कातडं पसरलं. पुढे गोळी शिरल्याचं लहान भोक, मागे ती बाहेर पडल्याचं मोठं. मुखपृष्ठ, कणा आणि मलपृष्ठ हा मुळात एकच कागद. एरवी मागची बाजू मजकूर कोंबायला सोडून देतात. इथे तिच्यावाचून चित्र पुरंच होत नाही.

सिग्नेट १९४३ मध्ये सुरू झाली. ती काढणारे दिलीपकुमार गुप्त हे डी. जे. कीमर या जाहिरात कंपनीतले. राय त्याच वर्षी तिथे महिना ८० रुपयांवर लागले होते. छपाई त्यांच्या घरातच होती. आजोबा उपेंद्रकिशोर हाफटोन ब्लॉकच्या तंत्रात देशातले अग्रणी, वडील सुकुमार विलायतेत छपाई शिकून आलेले. त्या काळी प्रत्येक रंगाला वेगळा ब्लॉक लागे, म्हणजे रंग वाढला की खर्च वाढला. दोन रंगांत भागवायची सवय लागली की चित्रकार आपसूक नेमका होतो, असं मला वाटतं.

रायांची खरी करामत अक्षरांत आहे. दीनानाथ दलालांच्या रसरशीत जलरंगांवर वाढलेल्या आपल्या डोळ्यांना मुखपृष्ठ म्हणजे आधी चित्र, मग उरलेल्या जागेत नाव, असंच वाटत आलंय. (दलालांच्या बाबतीत तक्रार नाही; त्यांच्यामागून आलेल्या नकलांबाबत आहे.) रायांकडे नावच चित्र होतं. अचिंत्यकुमार सेनगुप्तांच्या रामकृष्ण-चरित्रासाठी त्यांनी नामावलीचा, म्हणजे आपल्या रामनामी उपरण्याचा, छाप उचलला. चेहरा न काढताही पुस्तक कुणाचं आहे ते कळतं. 'एक्षण' या नियतकालिकाच्या मुखपृष्ठांवर तर बंगालीतली तीनच अक्षरं, अंकागणिक नव्या घाटाची. शिशाच्या खिळ्यांत हे कुठून मिळणार? ते कुंचल्यानेच लिहावं लागतं. शांतिनिकेतनात नंदलाल बोस आणि बिनोदबिहारी मुखर्जींकडे शिकताना हात असा तयार झाला. तिथे असतानाच ते अजिंठा-वेरूळही पाहून गेले होते.

सिग्नेटच्याच 'आम आँटिर भेंपू' या मुलांसाठी संक्षिप्त केलेल्या 'पथेर पांचाली'ची चित्रं त्यांच्याकडे आली. मूळ कादंबरी त्यांनी या कामाच्या निमित्ताने वाचली. लाकडी ठशांच्या धाटणीची ती चित्रं काढताना अपू आणि दुर्गा त्यांना दिसू लागले, आणि १९५५ साली पडद्यावर आले. पुढे सिनेमाने जगभर नाव केलं तरी मुखपृष्ठांचं काम सुटलं नाही. फेलूदा या आपल्या गुप्तहेराच्या पुस्तकांचीही मुखपृष्ठं ते स्वतःच काढत.