रंगवेल त्याची जमीन

आठ खेळाडू, दोन संघ आणि तीन मिनिटं. सामना सुरू होताच एका टोकाकडून गुलाबी, दुसऱ्याकडून हिरव्या शाईचे फवारे उडू लागतात आणि करडं, कोरडं मैदान बघता बघता रंगून निघतं. वेळ संपली की पंच म्हणून बसलेलं गुबगुबीत मांजर निकाल देतं. ज्या रंगाखाली जास्त जमीन, तो संघ जिंकला. कुणी किती प्रतिस्पर्धी टिपले, याचा इथे हिशेब धरत नाहीत. जपानच्या निन्टेन्डो कंपनीने मे २०१५ मध्ये आणलेल्या ‘स्प्लाटून’चा हा मूळ डाव.

आपल्याकडे नेमबाजीचा ऑनलाइन खेळ म्हटलं की ‘पबजी’ आठवतो. तिथे नेम कच्चा असलेला खेळाडू लवकर मारला जातो आणि मग इतरांचा खेळ बघत बसतो. ‘स्प्लाटून’मध्ये तसं होत नाही. शाईचा मार बसला तर पात्र फुटून नाहीसं होतं आणि काही सेकंदांत आपल्या तळावरून पुन्हा धावत सुटतं. शिवाय नेम धरायलाच हवा असंही नाही. भिंत रंगवायचा असतो तसला भलामोठा रोलर घ्यावा आणि पळत सुटावं. ब्रश आहे, शाई भिरकावायची बादली आहे, छत्रीसुद्धा आहे.

खरी कल्पकता मात्र शाईत आहे. खेळातली मुलं क्षणात स्क्विड होतात. कोकणातल्या मासळीबाजारात दिसणारं माकूळ, तेच. आपल्या रंगात बुडी मारली की ती धावण्यापेक्षा वेगाने पोहतात, रंगवलेल्या भिंतीवर सरसर चढतात, शत्रूच्या नजरेआड होतात आणि रिकामी होत आलेली शाईची टाकीही भरून घेतात. शत्रूच्या रंगात पाय पडला तर चाल मंदावते, इजा होते. म्हणजे गुण, रस्ता, लपायची जागा आणि रसद, सगळं एकाच शाईत! जमीन रंगवत गेलं की खास अस्त्रही तयार होतं. त्यामुळे कोपऱ्यात एकटीच रोलर फिरवणारी आठ वर्षांची मुलगी संघासाठी वाट तयार करत असते. तिचा तो वाटा खोटा नाही, निकालात मोजला जातो. या खेळाची गोडी आहे ती इथे.

सुरुवातीच्या प्रयोगात स्क्विड नव्हतेच. टोफूच्या वड्यांसारखे ठोकळे एकमेकांवर शाई उडवत होते. मग ससे आले. पण सशांनी शाई का उडवावी, याचं उत्तर सापडेना. शाई सोडणारा समुद्री जीव आला तेव्हा कुठे रूप आणि नियम यांचं जुळलं.

सामन्यांइतकीच लोकप्रिय झाली ती खेळातली ‘स्प्लाटफेस्ट’ ही जत्रा. एक प्रश्न विचारायचा, खेळाडूंनी बाजू निवडायची आणि त्या बाजूसाठी लढायचं. २०१५ साली जपानमधल्या पहिल्या जत्रेचा प्रश्न होता: न्याहारीला भात की पाव? पुढे २०१९ मध्ये ‘स्प्लाटून २’च्या अखेरच्या जत्रेत सामना ठरला गोंधळ विरुद्ध सुव्यवस्था. गोंधळ जिंकला आणि सप्टेंबर २०२२ मध्ये आलेला तिसरा भाग गजबजलेल्या, अस्ताव्यस्त शहरात उभा राहिला. खेळाडूंच्या कौलावर पुढच्या खेळाचं जग ठरावं, ही मोठ्या कंपनीकडून क्वचितच मिळणारी दाद आहे. या तिसऱ्या भागाच्या पहिल्या तीन दिवसांत एकट्या जपानमध्ये ३४ लाख ५० हजार प्रती खपल्या.

पालकांना दिलासा देणाऱ्या गोष्टीही आहेत. रक्त नाही. अनोळखी खेळाडूंशी सामन्यात बोलता येत नाही. ‘इकडे या’ असा इशारा किंवा आनंदाचा एक ठरलेला हाकारा, एवढंच. जपानमध्ये हा खेळ सर्व वयांसाठी, युरोपात सात आणि अमेरिकेत दहा वर्षांपुढच्यांसाठी मानला जातो.

तरी एक उणीव खुपते. दुसऱ्या आणि तिसऱ्या भागात एकाच पडद्यावर दोघांना खेळता येत नाही. दोन भावंडांना एका संघात उतरायचं तर दोन यंत्रं आणि खेळाच्या दोन प्रती लागतात, वर ऑनलाइन सामन्यांसाठी वर्गणी वेगळी. सगळ्या वयांना सामावून घेणाऱ्या खेळाने हा खर्च घरावर टाकायला नको होता. एकच यंत्र असलेल्या घरात मग पाळी लावावी लागते. सामना तीन मिनिटांचा असल्याने ती लवकर येते, एवढंच बरं.