मथळा आणि मजकूर

दिवाळीच्या साफसफाईत आमच्या हातून एकही कपाट कधी वेळेवर स्वच्छ झालेले नाही, अशी आमच्या सौ.ची जुनी तक्रार आहे. दोष आमचा नव्हे, फळ्यांवर अंथरलेल्या जुन्या वर्तमानपत्रांचा आहे. झटकावयास उचललेला कागद आम्ही उभ्याउभ्याच वाचू लागतो आणि कपाट तसेच राहते. आमच्या बालपणी नागपूरचे मराठी वर्तमानपत्र पैनगंगा ओलांडून इचोड्यास पोहोचेपर्यंत शिळेच होत असे. तेव्हा शिळ्या बातमीची गोडी आम्हांस मुळापासूनच आहे म्हणा ना!

या छंदापायी आम्ही एक वही घातली आहे. डाव्या पानावर जुना मथळा उतरवावयाचा आणि उजव्या पानावर, तो मथळा कोणी शब्दशः खरा मानला असता तर काय घडले असते, याविषयीचा आमचा तर्क. वाचकांच्या करमणुकीसाठी तिच्यातील काही पाने उघडतो.

पहिला मान अर्थातच लोकमान्यांचा. 'सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?' हा 'केसरी'तील मथळा ६ जुलै १८९७ चा. टिळकांना त्याच वर्षी राजद्रोहाबद्दल दीड वर्षाची सक्तमजुरी झाली, ती मात्र त्यापूर्वी जूनमध्ये छापलेल्या मजकुरावरून. या प्रश्नाला सरकारने उत्तर दिल्याचे काही ऐकिवात नाही. आता समजा, सरकारने तो प्रश्न शब्दशः घेतला असता! सरकारी नोकरीत केस पांढरे झालेल्या आम्हांस पुढचा क्रम तोंडपाठ आहे. वरून खाली परिपत्रक निघाले असते : 'आपल्या कार्यक्षेत्रात डोके आढळल्यास तीन प्रतींत अहवाल सादर करावा.' खालून वर उत्तर गेले असते : 'निरंक.'

दुसरा मथळाही 'केसरी'चाच, स्वदेशीच्या चळवळीतला : 'हे आमचे गुरूच नव्हेत.' मराठी विषयाच्या तासाला आम्ही तो मोठ्या अभिमानाने फळ्यावर लिहिला. मागच्या बाकावरील एका विद्यार्थ्याने फळ्याकडे पाहिले, मग आमच्याकडे पाहिले आणि अत्यंत समाधानाने मान डोलावली. या मथळ्याचे उजवे पान आम्ही कोरेच ठेवले आहे.

तिसरा साता समुद्रांपलीकडचा. 'शिकागो डेली ट्रिब्यून' या पत्राने ३ नोव्हेंबर १९४८ रोजी ड्यूई यांनी ट्रूमन यांचा पराभव केल्याचे ठळक अक्षरांत छापले. निकाल लागला नेमका उलटा. विजयी ट्रूमन तोच अंक दोन्ही हातांनी उंचावून हसत उभे आहेत, ते छायाचित्र जगप्रसिद्ध आहे. पण ट्रूमन जर 'छापून आले आहे म्हणजे काहीतरी असेलच' असे मानणारे असते, तर? ट्रंक बांधून त्यांनी मिसुरीची गाडी धरली असती, ड्यूई सत्यनारायणाची तयारी करून राष्ट्राध्यक्षांच्या बंगल्याच्या दारात उभे राहिले असते आणि किल्ली कोणाकडे, यावर अमेरिकेत आजतागायत वाद चालला असता.

येथवर हसणे सोपे होते. चौथ्या मथळ्यापाशी मात्र आमचे हसू थोडे अडखळते.

'स्कायलॅब' नावाची सुमारे ७७ टनांची अमेरिकन प्रयोगशाळा १९७३ मध्ये आकाशात गेली आणि १९७९ च्या जुलैत ती कोसळणार, असे वर्तमानपत्रांनी जाहीर केले. तेलंगणातील कित्येक गावांत प्रलयच आला, असे लोकांना वाटले. उद्या मरावयाचेच तर आज कशाला राखून ठेवावयाचे, म्हणून कोंबड्या-बकऱ्या कापल्या गेल्या, काहींनी गुरेढोरे विकली. आमचे आबा, म्हणजे आजोबा, निरक्षर होते. त्यांनी वर्तमानपत्र आणले आणि घरातील साक्षर माणसाच्या हाती दिले. ते साक्षर माणूस म्हणजे इयत्ता पाचवीतील आम्ही.

आम्ही मथळा खणखणीत आवाजात वाचला. "अन् पुढं काय लिहिलं रे?" आबांनी विचारले. पुढचे अक्षर बारीक होते आणि बाहेर विटीदांडूचा डाव मांडला होता. "तेच लिहिलं आहे, आबा," असे सांगून आम्ही पळालो.

आबांनी त्याच आठवड्यात बैलजोडी मिळेल त्या भावात विकली. विकत घेणाऱ्या शेजारगावच्या शेतकऱ्याने तीच बातमी आपल्या मुलाकडून शेवटपर्यंत वाचवून घेतली होती. पुढे मोठेपणी आम्हीही ती हकीकत नीट वाचली. पृथ्वीवरील कोणा एकाला तरी तुकडा लागण्याची शक्यता १५२ त एक, आणि नेमका आपल्यालाच लागण्याची ६०० अब्जांत एक, असा अमेरिकनांचा हिशेब होता. ११ जुलैच्या रात्री, आपल्या घड्याळाने दहाच्या सुमारास, स्कायलॅब हिंदी महासागरात आणि पश्चिम ऑस्ट्रेलियात कोसळली. माणूस एकही दगावला नाही. तेथील एस्पेरन्स या गावाने मात्र कचरा टाकल्याबद्दल अमेरिकेच्या 'नासा'स चारशे डॉलर दंड ठोठावला!

इकडे आमच्या कपाशीची डवरणी अडली. बैल दुसऱ्याचे, म्हणून पाळीही दुसऱ्यांची झाल्यावर. तोवर तणाने रान व्यापले. आबांनी आम्हांस एक शब्दही लावला नाही. एवढेच म्हणाले, "अक्षर मोठं होतं, म्हणून खरं वाटलं बाप्पा."

आता अक्षर मोठे करण्यास छापखानाही लागत नाही. गेल्या पावसाळ्यात अतिवृष्टीमुळे शाळांना सुटी असल्याचा मथळा भ्रमणध्वनीवरून गावभर फिरला आणि निम्मी शाळा घरी राहिली. काही शिक्षकबंधूंनीही त्यावर शंकास्पद तत्परतेने विश्वास ठेवला. आम्ही तारीख पाहिली, तर मथळा दोन वर्षांपूर्वीचा! बाहेर स्वच्छ ऊन पडले होते.

म्हणून आमच्या शाळेत प्रार्थनेनंतरच्या वृत्तवाचनाचा एक नियम आहे : जो मथळा वाचील, त्याने त्या बातमीचे शेवटचे वाक्यही वाचावयाचे. मुलांना तो जाच वाटतो. कारण आम्ही सांगत नाही.

वहीत मात्र ते नोंदलेले आहे. इतर सर्व मथळ्यांच्या उजव्या पानांवर आमचे तर्क आहेत. स्कायलॅबच्या पानावर तर्क नाही. तेथे फक्त दोन शब्द आहेत : एक बैलजोडी.