गिरवलीचा ग्रिझम

पुण्यापासून सुमारे ८० किलोमीटरवर, आंबेगावच्या डोंगरात, ‘आयुका’ या खगोलसंस्थेची गिरवली वेधशाळा २००६ पासून चालू आहे. कौतुक होतं ते तिच्या दोन मीटरच्या आरशाचं. पण ताऱ्याची जात ओळखण्याचं काम मागे बसवलेल्या ‘आयफॉस्क’ उपकरणातला काचेचा एक ठोकळा करतो, त्याचं नाव ग्रिझम. लोलक, आणि त्याच्या एका अंगाला बारीक समांतर रेघांची विवर्तन जाळी. जाळी रंग फाकवते, पण प्रकाशाला तिरकं वळवतेही. लोलक ते वळण परतवून मधला रंग सरळ कॅमेऱ्यावर आणतो. ग्रिझम बाजूला सरकवला की तोच कॅमेरा आकाशाचं साधं चित्र घेतो. ही सोय फार हुशारीची आहे.

तरी जाणकार नाक मुरडतात: याची पृथक्करणक्षमता, म्हणजे जवळच्या रेषा सुट्या दाखवण्याची ताकद, हजार-दीड हजारच, मोठ्या वर्णपटमापकांची लाखाच्या घरात. आक्षेप खरा, पण अपुरा. वर्णपट नुसता ताणून रेषा सुटत नाहीत, ताणताना रेषाही जाड होतात. जाळीची क्षमता म्हणजे उजळलेल्या रेघांची संख्या गुणिले वर्णपटाचा क्रम, म्हणजे जाळी टाकते त्या वर्णपटांतला तो कितवा. सोडियमच्या ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटरच्या जोडीला हजार पुरतात. मिलिमीटरला ६०० रेघा असलेल्या जाळीचा दोन मिलिमीटरचा तुकडाही पहिल्या क्रमात ती सोडवतो. गिरवलीत अडतं ते ताऱ्याचा प्रकाश आत घेणाऱ्या फटीपाशी. हवेच्या थरथरीने ताऱ्याचा ठिपका फुगतो. फट अरुंद केली तर रेषा बारीक होतात, पण आधीच तुटपुंजा असलेला प्रकाश बाहेर सांडतो. वरचा क्रम घ्यावा, तर पहिल्या क्रमातल्या ८०० नॅनोमीटरवर दुसऱ्यातला ४०० येऊन बसतो आणि गाळणी लावावी लागते. शिवाय हवं काय, हेही पाहायला हवं. ‘एक-ए’ जातीच्या अतिनवताऱ्याचा मलबा सेकंदाला सुमारे दहा हजार किलोमीटर वेगाने उधळतो. त्यामुळे सिलिकॉनची ६३५.५ची रेषा ६१५च्या आसपास सरकते आणि चांगली रुंद होते. तिथे लाखाची क्षमता घेऊन करायचं काय? अशा मंद पाहुण्याचा प्रकाश लाख कप्प्यांत वाटला, तर कप्प्याकप्प्यात गोंगाटच उरेल.

खरी चिंता वेगळी आहे. पावसाळ्याचे महिने हातचे जातात, हे गृहीतच. पण रस्त्यांवरचे दिवे बदलले. कमी दाबाच्या सोडियम दिव्याचा उजेड बहुतेक त्या पिवळ्या जोडीतच असे. तेवढा पट्टा सोडून बाकीचं वाचता येई. पांढऱ्या एलईडीचा उजेड निळ्यापासून तांबड्यापर्यंत सलग पसरतो, ४५० नॅनोमीटरजवळ त्याचा उंचवटा असतो. तो वजा करता येतो, पण त्याने आणलेला गोंगाट मागे राहतो, आणि कितीही रेघांची जाळी बसवली तरी तो सुटा होत नाही. त्यावर इलाज जाळीत नाही, दिव्यांवर झाकणं बसवण्यात आहे. आणि ते वेधशाळेच्या नव्हे, ग्रामपंचायतींच्या हातात आहे.