गटाराचा वास? आधी न्हाणीची जाळी उचला!

घर लख्ख पुसलेलं, उदबत्ती लावलेली, आणि पाहुणे टेकतात न टेकतात तोच न्हाणीघराकडून कुजट वासाचा भपकारा! गृहिणीला अगदी मेल्याहून मेल्यासारखं होतं. मग फिनेलची बाटली रिकामी होते. वास तासभर दबतो, जात मात्र नाही. कारण त्याचं मूळ फरशीवर नसतं, फरशीखाली असतं.

न्हाणीतल्या जाळीखाली जे भांडं बसवतात, त्याला प्लंबर ‘नहाणी ट्रॅप’ म्हणतात. आपली न्हाणी अशी थेट इंजिनिअरांच्या पुस्तकात जाऊन बसली आहे! या भांड्यात निदान ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच पाणी कायम साठून राहायला हवं. गटारातल्या वायूला अडवणारं दार तेच. लंडनचे घड्याळजी अलेक्झांडर कमिंग यांनी १७७५ मध्ये संडासाच्या नळाला बाक देऊन पाणी अडवण्याचं पेटंट घेतलं. युक्ती आजही तीच आहे.

देवळ्यासारख्या गावी वैशाखाच्या उन्हात हे पाणी भराभर आटतं. त्यातून पाणी जपून वापरायचं, मग पाहुण्यांच्या न्हाणीत तांब्याभर तरी कोण ओतणार? महिनाभर माहेरी जाऊन आलं की घरभर वास, तो यामुळेच.

माग असा काढा. रात्री न्हाणी, संडास, स्वयंपाकघर यांची दारं लावून घ्या. सकाळी एकेक दार उघडून वास घ्या. जागा सापडली की –

१. ट्रॅपमध्ये अर्धी बादली पाणी ओता. दोन-तीन तासांत वास गेला, तर दुखणं एवढंच होतं. गावी जाताना वरून दोन चमचे गोडं तेल सोडा. पाणी उशिरा आटतं.

२. जाळीखालची उपडी वाटी जागेवर आहे ना? पाणी लवकर जावं म्हणून पुष्कळदा ती काढून ठेवलेली असते.

३. सिंकचा पाइप जमिनीत शिरतो तिथली फट रबरी कड्याने किंवा सिमेंटने बुजवा.

४. संडासात पाणी टाकताच न्हाणीत गुडगुड वाजतं? मग हवेचा नळ तुंबला असेल. ट्रॅपमधलं पाणी त्यामुळे ओढलं जातं. गच्चीवरच्या नळाची जाळी साफ करवून घ्या.

एवढं करूनही वास राहिला, तर सेप्टिक टाकी भरली असेल. साधारण दोन-तीन वर्षांनी ती उपसावी लागते. इथे मात्र काटकसर नको हं! टाकीतला सडक्या अंड्यांच्या वासाचा वायू वाढला की नाकच बधिर होतं. वास थांबला म्हणजे धोका टळला, असं नव्हे. झाकणाजवळ काडी ओढू नका, आणि चार पैसे वाचवायला कुणाला आत उतरवू तर मुळीच नका. त्यात माणसं दगावतात, आणि २०१३ च्या कायद्याने तो गुन्हाही आहे. नगरपंचायतीकडे उपसा करणाऱ्या गाडीची चौकशी करा.

आणि एक सवय लावा: दर रविवारी, न वापरल्या जाणाऱ्या प्रत्येक मोरीत एक तांब्या पाणी. भांडी विसळलेलंसुद्धा चालेल!